संगीतीपासून येवल्यापर्यंत : परिषद नावाची परंपरा

दरवर्षी १३ ऑक्टोबरला आपल्या शाळेतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी येवल्याच्या मुक्तिभूमीवर अभिवादनासाठी जातात. राहात्याहून नगर-मनमाड रस्त्याने उत्तरेला निघाले की शिर्डी लागते, मग कोपरगाव, आणि त्यापुढे येवला. अंतर असे की सकाळची न्याहारी शाळेत करून निघालेली मुले दुपारच्या जेवणाला पुन्हा शाळेच्या पंगतीत असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका परतीच्या प्रवासात नववीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, ''सर, बाबासाहेबांना धर्म सोडण्याचा निर्णय सांगायचाच होता, तर तो वर्तमानपत्रात छापूनही सांगता आला असता. त्यासाठी परिषद कशाला भरवावी लागली?''

आम्ही घाईत उत्तर दिले, ''लोकांना सांगण्यासाठी.'' उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची उशिरा केलेली भरपाई होय. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकत्र वाचणार आहेत, तेव्हा हा विषय येथेच मांडावा असे आम्हांस वाटले.

मेळावा, सभा आणि परिषद

आपल्या बोलण्यात हे शब्द सरमिसळ होऊन येतात. मेळाव्यात माणसे जमतात. जमणे हाच त्याचा हेतू असतो. सभेत कोणी बोलतो आणि इतर ऐकतात. परिषद या शब्दाचा मूळ अर्थ भोवती बसणे असा आहे. पाली भाषेत त्याचेच रूप 'परिसा'. भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका अशा चार परिसांचा उल्लेख बौद्ध वाङ्मयात वारंवार येतो. परिषदेत जमलेला माणूस केवळ श्रोता राहत नाही. एखाद्या नेमक्या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी त्याला बोलावलेले असते, आणि तो निर्णय त्याच्या संमतीवाचून होत नाही.

म्हणूनच परिषदेला काही अंगे असावी लागतात. आधी हेतू जाहीर व्हावा लागतो. निमंत्रण जावे लागते. स्वागत समिती राहण्या-जेवणाची तजवीज करते, विषय नियामक समिती कोणते प्रश्न मांडायचे ते ठरवते. अध्यक्षाची निवड होते. ठराव मांडणारा सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक लागतो. मग चर्चा, मत आणि अखेरीस इतिवृत्त. यांतील एकेक अंग वरवर पाहता कोरडे वाटते. परंतु शतकानुशतके ज्यांना कोणी काही विचारलेच नाही, त्यांच्या दृष्टीने या कोरड्या नियमांचे मोल फार मोठे होते.

गावगाड्यात महाराचे एक वतनी काम असे की गावात निरोप फिरवायचा, दवंडी द्यायची, लोकांना चावडीवर बोलावून आणायचे. सभेचे आवतण त्याच्याच तोंडून जाई. सभा भरली की तो मात्र बाहेर उभा असे. शिवेचा तंटा असला तर त्याची साक्ष हवी, पण निवाडा करणाऱ्यांत त्याला जागा नाही. ज्या समाजाने इतरांच्या सभा बोलावल्या, त्याने स्वतःची सभा बोलावणे हीच मुळात एक क्रांती होती. विसाव्या शतकातील बहिष्कृतांच्या परिषदांकडे या नजरेने पाहिले पाहिजे.

संघाची कार्यपद्धती

ही पद्धत आपण केवळ इंग्रजांपासून शिकलो, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी या समजाला उत्तर दिले. बौद्ध भिक्खू संघांना संसदीय कार्यपद्धतीचे नियम ठाऊक होते. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, इतके सारे त्या संघांत होते, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. ही लोकशाही परंपरा भारताने एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावणार काय, ही चिंताही त्यांनी त्याच भाषणात व्यक्त केली.

विनयपिटक उघडून पाहिले तर त्या विधानाचा आधार सापडतो. संघाचे काम म्हणजे 'संघकम्म'. चारांहून कमी भिक्खू असतील तर ते काम संघाचे ठरत नाही. उपसंपदा द्यायची असेल तर मध्यदेशात दहा आणि सीमेकडील प्रदेशात पाच भिक्खू हवेत. प्रथम प्रस्ताव मांडायचा. त्याला 'ञत्ति' म्हणत. महत्त्वाच्या कामात त्यानंतर तीन वेळा घोषणा करून विचारायचे: ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. जो आजारपणामुळे येऊ शकत नाही, त्याची संमती दुसऱ्या भिक्खूने आणून सांगायची. मतभेद मिटत नसतील तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मत घ्यायचे. शलाका वाटणारा कसा असावा, याचाही नियम आहे. प्रीती, द्वेष, मोह आणि भय या चारही गोष्टींपासून तो मुक्त असला पाहिजे.

वर्षावासाच्या अखेरीस होणारी पवारणा तर याहून उंच आहे. तीन महिने एकत्र राहिलेला प्रत्येक भिक्खू संघासमोर हात जोडून म्हणतो की माझे काही चुकलेले आपण पाहिले, ऐकले किंवा आपणांस तशी शंका आली असेल तर सांगावे. वयाने आणि मानाने ज्येष्ठ असलेलेही यातून सुटत नाहीत.

महापरिनिब्बान सुत्तात मगधाचा अमात्य वस्सकार तथागतांकडे येतो. राजा अजातशत्रूला वज्जींवर चढाई करायची आहे. तथागत आनंदाला वज्जींविषयी सात प्रश्न विचारतात. त्यांतील पहिले दोन सभेविषयीचे आहेत: वज्जी वारंवार जमतात काय, आणि ते एकदिलाने जमून, एकदिलाने उठून आपली कामे एकदिलाने करतात काय? जोवर ते असे करीत राहतील तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागत सांगतात. गणराज्याच्या बळाचे माप त्यांनी सैन्याने घेतले नाही, सभेने घेतले. आणि पुढे लगेच तीच शिकवण भिक्खू संघालाही दिली.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच पहिली संगीती भरली. तिचे कारणही नेमके होते. शास्ता गेल्यामुळे आता आपण मोकळे झालो, हवे तसे वागू, असे सुभद्द नावाचा एक वृद्ध प्रव्रजित म्हणाला. हे ऐकून महाकस्सप सावध झाले. राजगृह येथे पाचशे भिक्खू जमले. महाकस्सपांनी विनयाविषयी उपालींना आणि धम्माविषयी आनंदाला प्रश्न विचारले. उत्तरे सर्वांनी मिळून म्हटली. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे. लिपीत काही उतरलेले नसताना अनेकांच्या मुखाने एकच पाठ निघणे, हेच त्या काळचे इतिवृत्त होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस त्या वृत्तांतातील आणखी एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. संगीती संपल्यावर पुराण नावाचे स्थविर आपल्या शिष्यांसह राजगृहाला आले. झालेले संगायन मान्य करावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी उत्तर दिले की संगायन उत्तम झाले. पण मी स्वतः तथागतांच्या मुखातून जे ऐकले तेच मनी धरून राहीन. संगीतीच्या वृत्तांतात हा भिन्न सूर पुसून टाकलेला नाही. जी सभा आपल्याशी न जुळणारा आवाजही नोंदवून ठेवते, तिच्या बहुमतावर विश्वास ठेवता येतो.

माणगाव आणि महाड

आता विसाव्या शतकात येऊ. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे दक्षिण महाराष्ट्रातील बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, वय अवघे २८ वर्षे. 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. ज्यांना गावच्या चावडीवर बसण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मांडवात संस्थानचा राजा येऊन बसला, आणि अध्यक्षपदी त्यांच्यातलाच एक उच्चविद्याविभूषित तरुण होता. परिषद माणसाला काय देते, हे त्या दोन दिवसांत दिसले.

महाडचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे ठरवले होते. कागदावर हक्क आला, ओंजळीत पाणी आले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सारे प्रतिनिधी रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. कायदेमंडळाचा ठराव आणि नगरपालिकेचा ठराव यांना जे साधले नव्हते, ते तिसऱ्या ठिकाणच्या निर्धाराने साधले. कारण ही परिषद ज्यांना तहान लागली होती त्यांचीच होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरायची होती. मांडवासाठी जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या मेळाव्याची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. आपण केवळ पाणी प्यायला आलेलो नाही, समतेची मुहूर्तमेढ रोवायला आलो आहोत, हा त्याचा आशय होता. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तेही जमावाच्या लहरीने झाले नाही. ठराव मांडला ब्राह्मण समाजात जन्मलेल्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी, आणि परिषदेच्या संमतीनंतर ते दहन झाले. पुढे दिवाणी न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाई हुकुमामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करायचा प्रश्न आला. हजारो लोक सत्याग्रहाला सिद्ध होऊन आले होते. तरीही बाबासाहेबांनी तो प्रश्न परिषदेपुढे ठेवला, लोकांची समजूत घातली आणि तहकुबी परिषदेकडूनच करवून घेतली. लढाई न्यायालयात चालली आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकली. पेटलेल्या हजारोंना थांबवणे हे पेटवण्यापेक्षा कठीण असते. परिषदेची शिस्त होती म्हणून ते शक्य झाले.

येवल्याचे उत्तर

या पार्श्वभूमीवर येवल्याकडे पाहावे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, गावोगावी बहिष्कार सोसले. दार उघडले नाही. ज्यांनी हे सोसले त्यांतील असंख्य माणसे नाशिक आणि नगर जिल्ह्यांच्या याच पट्ट्यातील होती.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला परिषद बोलावली ती या साऱ्या लढ्याचा हिशेब मांडण्यासाठी आणि येऊ घातलेल्या राजकीय सुधारणांच्या काळात पुढचा मार्ग ठरवण्यासाठी. सुमारे दहा हजार लोक जमले होते. आपण हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले ते याच मांडवात. आणि परिषदेने ठराव करून मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबवला.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. बाबासाहेबांची घोषणा त्यांच्या स्वतःपुरती होती. ती त्यांना वर्तमानपत्रात छापता आली असती. पण सत्याग्रह त्यांच्या एकट्याचा नव्हता. ज्यांनी पाच वर्षे मार खाल्ला, त्यांना 'आता थांबा' हे परस्पर कळवणे अन्यायाचे झाले असते. ज्यांनी लढा लढवला, तो थांबवण्याचा अधिकारही त्यांचाच. म्हणून त्यांना बोलावले, समोर बसवले, हिशेब मांडला आणि ठराव त्यांच्याकडून घेतला.

आणि पुढचे पाऊलही तसेच पडले. येवल्यानंतर देशभर खळबळ उडाली. निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांची निमंत्रणे आली. बाबासाहेबांनी घाई केली नाही. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबईत नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषद बोलावली, ती याच एका प्रश्नावर समाजाचे मत घेण्यासाठी. अध्यक्षस्थानी हैदराबादचे बी. एस. व्यंकटराव होते. 'मुक्ती कोन पथे?' हे प्रसिद्ध भाषण त्याच परिषदेत झाले. भाषणात त्यांनी धर्मांतराची सामाजिक, धार्मिक आणि व्यावहारिक अशी सर्व बाजूंनी चिकित्सा केली आणि निर्णय परिषदेवर सोपवला. परिषदेने धर्मांतराच्या बाजूने कौल दिला.

१८ ते २० जुलै १९४२ या काळात नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली, तेव्हा महिलांची स्वतंत्र परिषदही भरली. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी अशा मागण्या त्या मांडवात ठरावरूपाने पुढे आल्या. हिंदू कोड बिलावरून देशात वादळ उठण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने ठराव केले होते, हे आपल्या मुलींना आपण सांगितले पाहिजे.

मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. येवल्यानंतर एकवीस वर्षे आणि एक दिवस. नागपूरच्या दीक्षाभूमीवर महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, आणि मग समोरच्या लाखोंना सांगितले की ज्यांना धम्म स्वीकारायचा असेल त्यांनी उभे राहावे. तो अथांग समुदाय उठून उभा राहिला. त्या क्षणीही त्यांनी लोकांची इच्छा गृहीत धरली नाही. जो उभा राहिला, तो स्वतःच्या पायांनी उभा राहिला.

आपल्या सभा, आपले रजिस्टर

हे सारे लिहिताना आम्हांस आमचाच एक प्रसंग आठवतो. शाळेत वसतिगृहाची मासिक सभा भरते. एका हिवाळ्यात पहाटेच्या अभ्यासिकेची वेळ पाचऐवजी साडेचार करण्याचा विषय होता. अध्यक्षस्थानी आम्हीच होतो. विषय वाचला आणि लगोलग ''सर्वानुमते मंजूर'' असे जाहीर केले. मागच्या रांगेतून आठवीतील एक मुलगा उठला आणि म्हणाला, ''सर, विचारलं कुठे?'' आम्ही त्याला खाली बसायला सांगितले. रात्री सही करण्यासाठी इतिवृत्ताचे रजिस्टर समोर आले. सूचकाच्या जागी आमचे नाव होते; अनुमोदकाची जागा कोरी होती. संघाच्या शलाकांविषयी वर्गात रंगून शिकवणाऱ्या माणसाला त्या कोऱ्या जागेने बराच वेळ झोप लागू दिली नाही.

पुढच्या सभेत तो विषय आम्ही पुन्हा ठेवला, त्या मुलाला प्रथम बोलू दिले. लहान वर्गांतील मुलांना थंडीत आंघोळीला गरम पाणी पुरत नाही, ही गोष्ट तेव्हा आम्हांस प्रथम कळली. ठराव नामंजूर झाला. अभ्यासिका पाचलाच राहिली आणि पाण्याच्या बंबाची सोय वाढवावी असा दुसरा ठराव झाला. तो मात्र खरोखर सर्वानुमते.

आज आपल्या समाजात कार्यक्रमांना तोटा नाही. जयंती होते, वर्धापनदिन होतात, मिरवणुका निघतात. व्यासपीठ मोठे होत चालले आहे आणि हारतुऱ्यांना वेळ पुरत नाही. आनंदाच्या दिवशी आनंद करावा, यात काही वावगे नाही. परंतु वर्षभरात आपण अशा किती सभा भरवल्या, की जिथून उठताना हातात एक ठराव होता आणि तो कोणी, कधी, कसा पार पाडायचा हे ठरले होते? मांडव मोठा झाला आणि रजिस्टर कोरे राहिले, तर वज्जींविषयीचा तो पहिलाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो.

संधी दूर नाहीत. आपल्या तालुक्यात सहकारी संस्थांचे जाळे दाट आहे; आपल्यापैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद आहेत. वार्षिक सभेची नोटीस घरी येते, ती वाचावी. ग्रामसभेला जावे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. त्या संख्येत आपण असावे. त्याआधी महिलांची सभा व्हावी लागते. घरातील स्त्रियांना तिथे बोलू द्यावे, नव्हे, त्यांनी जाऊन बोलावे. ''मंजूर, मंजूर'' असा गलका होईल तेव्हा शांतपणे उठून विचारावे की सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि मागचे इतिवृत्त वाचून दाखवले काय? ज्यांचे पूर्वज सभेची दवंडी देऊन बाहेर उभे राहत, त्यांच्या नातवाने आत बसून हा प्रश्न विचारणे, यापेक्षा उचित अभिवादन आम्हांस सुचत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या स्नेहमेळाव्यात आठवणी निघतील, छायाचित्रे निघतील, जेवणे होतील. त्या दिवसातला एक तास परिषदेसाठी राखून ठेवावा. शाळेतील मुलामुलींच्या एखाद्या खऱ्या गरजेवर एकच ठराव करावा, पण सूचक-अनुमोदकासह करावा, आणि पुढच्या वर्षी त्याचा हिशेब प्रथम वाचावा. कोणी विरोधात बोलले तर तेही लिहून ठेवावे. स्थविर पुराणांचे म्हणणे अडीच हजार वर्षे टिकले आहे. आपल्या रजिस्टरातही एका ओळीची जागा निघेल.

आठवीतील तो मुलगा आता याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे. त्या दिवशी त्याला खाली बसवल्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली होती. आज ती नोंद येथे करून ठेवतो.

जय भीम. नमो बुद्धाय.